कॅप्टन रॅमसे : खटल्याविना तुरुंगात गेलेला खासदार

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने आपल्याच देशात सुमारे अठराशे जणांना खटला न चालवता डांबून ठेवले. त्यांत फॅसिस्ट संघटनांचे कार्यकर्ते होते, माजी खासदार होते, शत्रुराष्ट्रांशी लागेबांधे असल्याचा संशय असलेले साधे नागरिकही होते. हाउस ऑफ कॉमन्सचा विद्यमान सदस्य मात्र त्यांत एकच होता. त्याचे नाव कॅप्टन आर्किबाल्ड हेन्री मॉल रॅमसे. स्कॉटलंडच्या जुन्या सरदार घराण्यातला हा माणूस पहिल्या महायुद्धात लढलेला आणि जखमी झालेला होता, सत्ताधारी पक्षाच्या बाकांवर बसत होता. अशा माणसाला त्याच्याच पक्षाचा सहभाग असलेल्या सरकारने ‘देशाला धोका’ म्हणून कोठडीत टाकले. तिथवर तो पोचला कसा आणि सरकारने त्याला ज्या रीतीने कैद केले ती रीत कितपत योग्य होती, हे दोन्ही प्रश्न आजही विचारण्याजोगे आहेत.

डलहौसीच्या कुळात

रॅमसेचा जन्म ४ मे १८९४ चा. त्याचे घराणे डलहौसीच्या अर्लांचे. हे नाव मराठी माणसाला नवे नाही. दत्तक वारस नामंजूर करून १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये झाशी व नागपूर खालसा करणारा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याच घराण्यातला. आपल्या गोष्टीतल्या रॅमसेचे आजोबा सर हेन्री रॅमसे हे त्या लॉर्डचे चुलत भाऊ. १८५६ ते १८८४ अशी तब्बल २८ वर्षे ते कुमाऊंचे कमिशनर होते आणि त्या पहाडी मुलुखात त्यांचा शब्द हाच कायदा असल्यामुळे लोक त्यांना कुमाऊंचा राजाच म्हणत. राज्य करणे हा ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता होता, अशा घरात हा मुलगा वाढला.

पुढचा रस्ताही ठरलेलाच होता. ईटनची शाळा, सँडहर्स्टची लष्करी अकादमी आणि १९१३ मध्ये कोल्डस्ट्रीम गार्ड्स या नामांकित पलटणीत अधिकारपद. वर्षभरातच महायुद्ध पेटले. फ्रान्समध्ये लढत असताना १९१६ मध्ये रॅमसेच्या डोक्याला गंभीर जखम झाली आणि आघाडीवरचे त्याचे दिवस संपले. त्यानंतर त्याने युद्ध खात्यात आणि पॅरिसमधल्या ब्रिटिश शिष्टमंडळात काम केले आणि १९२० मध्ये कॅप्टनच्या हुद्द्यावर तो निवृत्त झाला. दरम्यान १९१७ मध्ये त्याने लेडी इस्मे हिच्याशी लग्न केले. ती आयर्लंडमधल्या गॉर्मन्स्टन या सरदाराची मुलगी. तिचा पहिला पती लॉर्ड निनियन क्रायटन-स्टुअर्ट हाही खासदार आणि सैनिक. तो १९१५ मध्ये फ्रान्समध्ये लढताना पडला होता. हे जोडपे आर्ब्रोथजवळच्या केली कॅसलमध्ये राहू लागले.

राजकारणात तो शिरला १९३१ साली. जागतिक मंदीत मजूर पक्षाचे सरकार कोसळले होते आणि त्यानंतरच्या निवडणुकीत ‘राष्ट्रीय सरकार’ नावाच्या आघाडीची लाट आली. त्या लाटेत पीबल्स आणि दक्षिण मिडलोदियन ही मजूर पक्षाची जागा रॅमसेने जिंकली. ट्वीड नदीकाठच्या लोकरीच्या गिरण्या आणि एडिंबरोच्या दक्षिणेकडच्या कोळशाच्या खाणी, असा तो मतदारसंघ. १९३५ मध्ये तो पुन्हा निवडून आला. या काळात संसदेतली त्याची कामगिरी सामान्यच होती. बटाटा विपणन मंडळावरची नेमणूक ही त्याच्या नावावरची त्यातल्या त्यात ठळक गोष्ट. तेव्हाच त्याची कारकीर्द संपली असती, तर आज त्याचे नाव कुणी घेतलेही नसते.

एकाच शत्रूचा शोध

कलाटणी मिळाली ती स्पेनच्या यादवी युद्धाने. १९३६ मध्ये जनरल फ्रँकोने तिथल्या लोकनियुक्त सरकारविरुद्ध बंड पुकारले. सरकारच्या बाजूच्या प्रदेशात चर्चवर हल्ले झाले, धर्मगुरूंच्या हत्या झाल्या. या बातम्यांनी ब्रिटनमधले अनेक सनातनी हादरले. रॅमसे त्यांतलाच एक. १९३७ च्या अखेरीस त्याने ‘युनायटेड ख्रिश्चन फ्रंट’ स्थापन केली. पुढच्या वर्षी लंडनमध्ये निरीश्वरवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती. तिच्यात परदेशी लोकांना भाग घेता येऊ नये, म्हणून त्याने जून १९३८ मध्ये एक विधेयक मांडले. ते सादर करायला १६५ विरुद्ध १३४ मतांनी परवानगी मिळाली, पण पुढे ते सरकले नाही. एवढ्या मतांवरून एक मात्र दिसते, की तोवर तो कुणी एकांडा विक्षिप्त समजला जात नव्हता.

इथपर्यंतची भूमिका एका कट्टर, साम्यवादविरोधी ख्रिस्ती माणसाची होती. पण रशियात क्रांती का झाली, स्पेनमध्ये चर्च का जळाली, ब्रिटनमध्ये नास्तिक का वाढले, या वेगवेगळ्या प्रश्नांना त्याला एकच उत्तर हवे होते आणि १९३८ च्या सुमारास ते ‘सापडले’. या सगळ्यामागे ज्यूंचा गुप्त कट आहे, अशी त्याची खात्री पटली.

कोकणात शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना हा द्वेष चटकन समजणार नाही. युरोपात मात्र त्याची मुळे मध्ययुगापर्यंत जातात. ख्रिस्ताच्या मृत्यूचे खापर ज्यूंवर फोडले गेले, अनेक व्यवसाय त्यांना बंद केले गेले आणि सावकारी तेवढी उरल्यावर सावकार म्हणून त्यांचा तिरस्कार केला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात ‘ज्येष्ठ ज्यूंचे इतिवृत्त’ नावाचा एक बनावट दस्तऐवज छापला गेला. जगावर सत्ता मिळवण्याची ज्यूंची योजना म्हणून तो खपवला गेला. तो चोरलेल्या मजकुरावरून रचलेला आहे, हे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्येच पुराव्यांसह दाखवून दिले होते. तरीही ज्यांना विश्वास ठेवायचा होता ते ठेवत राहिले, रॅमसेही त्यांतलाच.

कटाच्या कल्पनेचे एक वैशिष्ट्य असे, की तिच्याविरुद्धचा पुरावा हाही कटाचाच भाग ठरतो. वर्तमानपत्र खोडून काढते? मग ते ज्यूंच्या मुठीत असणार. स्वतःचा पक्ष ऐकत नाही? मग पक्षही पोखरला गेला असणार. तेव्हाचा युद्धमंत्री लेस्ली होअर-बेलिशा हा ज्यू होता. तो आपल्याला जर्मन बांधवांशी लढायला लावील, अशी भाषणे रॅमसे १९३८ मध्येच करू लागला होता. म्हणजे युरोपात हिटलर एकेक देश गिळत असताना या माणसाला धोका दिसत होता तो लंडनमधल्या आपल्याच मंत्र्याचा.

लाल वही

मे १९३९ मध्ये रॅमसेने ‘राइट क्लब’ ही संघटना काढली. आपल्या हुजूर पक्षाला ज्यूंच्या कथित प्रभावातून सोडवणे हा तिचा हेतू. तिच्या बिल्ल्यावर सापाला मारणारा गरुड होता आणि ज्यूंच्या नाशाची इच्छा व्यक्त करणारी दोन आद्याक्षरे होती. सदस्यांची नावे कुलूप असलेल्या लाल चामडी बांधणीच्या एका वहीत नोंदली जात. त्या वहीत २३५ च्या आसपास नावे होती. वॉटर्लू जिंकणाऱ्या सेनापतीचा वंशज, पाचवा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, त्यांत होता. लॉर्ड रीड्सडेल होता. पुढे बर्लिन रेडिओवरून ब्रिटनविरुद्ध प्रचार करून ‘लॉर्ड हॉ-हॉ’ म्हणून कुप्रसिद्ध झालेला आणि जानेवारी १९४६ मध्ये फासावर गेलेला विल्यम जॉइसही होता. बेकारीने पिचलेल्या, अशिक्षित लोकांना असला प्रचार भुरळ घालतो, असा एक सोयीचा समज असतो. ही वही त्याला छेद देते. इथे जमले होते ते ईटनला शिकलेले, इस्टेटी असलेले, पदव्या मिरवणारे लोक.

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. दुसऱ्याच दिवशी रॅमसेने एका लोकप्रिय देशभक्तिपर गीताचे ज्यूद्वेषी विडंबन रचले, तेही हाउस ऑफ कॉमन्सच्या छापील कागदावर. राइट क्लब बंद केल्याचे त्याने जाहीर केले, पण आतल्या गोटातल्या लोकांचे काम चालूच राहिले. हे युद्ध ज्यूंचे आहे, अशा मजकुराच्या चिठ्ठ्या ते रात्रीच्या ब्लॅकआउटमध्ये भिंती-खांबांवर चिकटवत फिरत.

चहाचे दुकान आणि दूतावासातला कारकून

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात ‘रशियन टी रूम्स’ नावाचे एक उपाहारगृह होते. ते चालवणारा ॲडमिरल निकोलाय वोल्कॉफ हा झारच्या राजवटीतला लंडनमधला शेवटचा नौदल प्रतिनिधी. क्रांतीनंतर कुटुंबाचे सारे गेले आणि त्याचे खापर त्याची मुलगी ॲना ज्यूंवर फोडत असे. ती रॅमसेचा उजवा हात बनली. तिच्याच ओळखीतून टायलर केंट हा तरुण या वर्तुळात आला. तो अमेरिकन दूतावासात सांकेतिक संदेशांच्या विभागात कारकून होता आणि ऑक्टोबर १९३९ मध्ये मॉस्कोहून लंडनला बदलून आला होता.

केंट दूतावासातल्या गोपनीय कागदांच्या प्रती घरी नेऊन ठेवत असे. त्यांत चर्चिल आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यामधल्या तारा होत्या. चर्चिल तेव्हा नौदलमंत्री होता, पंतप्रधान नव्हता. तरी तो थेट अमेरिकेच्या अध्यक्षाशी पत्रव्यवहार करत होता. अमेरिका अधिकृतपणे तटस्थ होती आणि नोव्हेंबर १९४० मध्ये तिथे अध्यक्षपदाची निवडणूक होती. आपण अमेरिकनांना युद्धात ओढणार नाही, असे रूझवेल्टला मतदारांना पटवायचे होते. या तारा फुटल्या असत्या, तर त्याची पंचाईत झाली असती आणि त्याच्या मदतीवर भिस्त ठेवून असलेल्या ब्रिटनची त्याहून मोठी. केंटने या तारा रॅमसेला दाखवल्या. ॲनाने काहींची छायाचित्रे काढवून घेतली आणि इटलीच्या दूतावासापर्यंत मजकूर पोचवला. लाल वहीही रॅमसेने केंटच्याच हवाली केली होती. राजनैतिक संरक्षण असलेल्या माणसाच्या घराची झडती होणार नाही, हा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब चुकला. एमआय-फाइव्ह या गुप्तहेर खात्याचा मॅक्सवेल नाइट या टोळीवर आधीच नजर ठेवून होता. त्याने पेरलेल्या स्त्रिया राइट क्लबच्या आतल्या गोटात, चहाच्या टेबलावर बसत होत्या. २० मे १९४० ला अमेरिकन राजदूत जोसेफ केनेडी याने केंटचे संरक्षण काढून घेतले आणि पोलिसांनी त्याच्या घरावर छापा घातला. दीड हजारांहून जास्त कागद आणि ती कुलूपबंद लाल वही त्यांच्या हाती लागली. त्याच दिवशी जर्मन रणगाडे फ्रान्स ओलांडून इंग्लिश खाडीच्या किनाऱ्यावर पोचले होते.

आरोपपत्र नसलेली कैद

२० मे ही तारीख महत्त्वाची आहे. नॉर्वेमध्ये क्विसलिंग या तिथल्याच राजकारण्याने जर्मनांशी हातमिळवणी केल्याची आठवण ताजी होती आणि घरभेद्यांची भीती सगळीकडे पसरली होती. ‘संरक्षण नियम १८ बी’ युद्धाच्या आरंभापासून अस्तित्वात होता. त्यानुसार देशाच्या सुरक्षेला धोका आहे असे मानण्यास गृहमंत्र्याला रास्त कारण असेल, तर तो कुणालाही खटल्याविना स्थानबद्ध करू शकत असे. २२ मे रोजी हा नियम आणखी रुंदावला गेला, म्हणजे शत्रूशी सहानुभूती असलेल्या संघटनांच्या सदस्यांनाही त्यात ओढता यावे. २३ मे रोजी फॅसिस्ट नेता ऑस्वाल्ड मोस्ली आणि त्याच दिवशी रॅमसे यांना अटक झाली. रॅमसेची रवानगी ब्रिक्स्टनच्या तुरुंगात झाली.

केंट आणि ॲना यांच्यावर खटले चालले, बंद दाराआड का होईना. केंटला सात आणि ॲनाला दहा वर्षांची शिक्षा झाली. रॅमसेवर मात्र कधीच आरोप ठेवला गेला नाही. आपण त्या तारा संसदेसमोर मांडणार होतो, असे त्याचे म्हणणे होते. खासदाराने सभागृहात काय बोलावे याला न्यायालयात आव्हान देता येत नाही, त्यामुळे हा बचाव अगदीच पोकळ नव्हता. शिवाय उघड खटला म्हणजे तारांचा बोभाटा. स्थानबद्धतेत ही सगळी अडचण टळत होती.

पण मग संसदेच्या विशेषाधिकाराचे काय? खासदाराला फौजदारी गुन्ह्यासाठी अटक करता येते, हे जुने तत्त्व. इथे तर गुन्हाच दाखल नव्हता. विशेषाधिकार समितीने चौकशी केली आणि सभागृहाच्या हक्काचा भंग झालेला नाही, असा निर्वाळा दिला. त्यातून एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. गुन्हा सिद्ध न झाल्यामुळे रॅमसेचे सदस्यत्व शाबूत राहिले. चार वर्षांहून अधिक काळ पीबल्सचा खासदार ब्रिक्स्टनच्या कोठडीत होता आणि तिथूनच संसदेसाठी लेखी प्रश्न पाठवत होता.

कैदेत असतानाच त्याने ‘न्यूयॉर्क टाइम्स’वर अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्याने जर्मनांना गुप्त माहिती पुरवली, असे त्या वृत्तपत्राने छापले होते. त्याचा पुरावा वृत्तपत्राकडे नव्हता, म्हणून जुलै १९४१ मध्ये दावा रॅमसेच्या बाजूने लागला. भरपाई किती, तर एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. या माणसाच्या अब्रूची किंमत न्यायालयाच्या लेखी एवढीच होती.

त्याच कायद्याचे भारतीय रूप

रॅमसेला कैद करणारा गृहमंत्री सर जॉन अँडरसन हाही स्कॉटिश. १९३२ ते १९३७ तो बंगालचा गव्हर्नर होता आणि क्रांतिकारकांना खटल्याविना डांबण्याचा त्याला दांडगा अनुभव होता. भारतात या १८ बी नियमाचे भावंड म्हणजे भारत संरक्षण नियमांतला नियम २६. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या नेत्यांची धरपकड झाली. गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आणि नेहरू, पटेल, आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिस्त झाले. तो हुकूम देणारा व्हाइसरॉय लिनलिथगो हाही स्कॉटिश सरदार, पहिल्या महायुद्धातला लष्करी अधिकारी आणि मग राजकारणी झालेला. हिटलरची तळी उचलणारा खासदार आणि स्वातंत्र्य मागणारे गांधीजी, यांच्यासाठी साम्राज्याकडे हत्यार एकाच घडणीचे होते.

या हत्याराला न्यायालयात आव्हान दिले गेले. नोव्हेंबर १९४१ मध्ये ‘लिव्हरसिज विरुद्ध अँडरसन’ या खटल्यात लॉर्ड्सच्या न्यायपीठाने चार विरुद्ध एक मताने ठरवले, की मंत्र्याला ‘रास्त कारण’ होते की नाही हे न्यायालयाने तपासायचे नाही. लॉर्ड ॲटकिन यांनी एकट्याने विरोधी मत दिले. युद्धाच्या गदारोळातही कायदा मुका होत नाही, अशी त्यांची भूमिका होती. भारतात १९४३ मध्ये ‘केशव तळपदे’ या मुंबईच्या प्रकरणात फेडरल न्यायालयाने नियम २६ मूळ कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला; सरकारने लगोलग वटहुकूम काढून ती फट बुजवली. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना दाद मागण्याचा हक्क नाकारला, तोही चार विरुद्ध एक असाच. विरोधात उभे राहिले ते न्यायमूर्ती हंसराज खन्ना. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. तो निकाल चुकीचा होता, असे २०१७ मध्ये त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. ब्रिटनमध्येही पुढे लॉर्ड ॲटकिन यांचेच मत बरोबर मानले गेले.

न बदललेला माणूस

२६ सप्टेंबर १९४४ रोजी रॅमसेची सुटका झाली आणि दुसऱ्याच दिवशी तो हाउस ऑफ कॉमन्समध्ये जाऊन आपल्या जागेवर बसला. मधल्या काळात, १९४३ मध्ये, त्याचा थोरला मुलगा ब्रिटिश सैन्यात सेवा बजावत असताना मरण पावला होता. म्हणजे बापाला ‘ज्यूंचे’ वाटणाऱ्या युद्धात मुलगा खर्ची पडला. तरीही बापाच्या मनातली गाठ सुटली नाही.

एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश फौजांनी बेर्गेन-बेल्सनची छळछावणी मुक्त केली. तिथल्या हजारो प्रेतांची छायाचित्रे ब्रिटनच्या घराघरांत पोचली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जूनमध्ये, रॅमसेने संसदेत ठरावाची सूचना दिली. राजा पहिला एडवर्ड याचा १२७५ चा ज्यूविरोधी कायदा पुन्हा लागू करावा, अशी त्याची मागणी होती. या कायद्याने ज्यूंना सावकारीची बंदी केली होती आणि कपड्यांवर पिवळे चिन्ह लावण्याची सक्ती केली होती. पुढच्याच महिन्यातल्या निवडणुकीला तो उभा राहिला नाही आणि पीबल्सची जागा मजूर पक्षाकडे परत गेली.

१९५२ मध्ये त्याने ‘द नेमलेस वॉर’ हे पुस्तक लिहिले. इंग्लंड, फ्रान्स, रशिया आणि स्पेन या साऱ्या देशांतल्या क्रांत्या एकाच ज्यू कटाची फळे आहेत, असा त्याचा सिद्धान्त. ज्याच्या शिकवणुकीवर स्कॉटलंडचे राष्ट्रीय चर्च उभे आहे, त्या कॅल्व्हिनलाही त्याने मूळचा ज्यू ठरवून टाकले. सुतावरून स्वर्ग गाठण्याची ही सवय शेवटपर्यंत सुटली नाही. ११ मार्च १९५५ रोजी रॅमसे वारला. हरवली असे समजली गेलेली लाल वही १९८० च्या दशकाच्या अखेरीस एका वकिलाच्या तिजोरीत सापडली आणि तिच्यातली नावे अभ्यासकांना खुली झाली.

रॅमसेबद्दल सहानुभूती वाटावी असे त्याच्या आयुष्यात फारसे काही नाही. शिक्षण, कुळ आणि शौर्य हे सारे असूनही माणूस एका खोट्या गोष्टीच्या किती आहारी जातो, याचा तो ढळढळीत नमुना आहे. पण त्याच्या कैदेचा प्रश्न त्याच्या स्वभावाने सुटत नाही. जर्मन सैन्य किनाऱ्यावर उभे असताना त्याला मोकळे ठेवणे कुठल्याही सरकारला परवडले नसते, हे खरे. मात्र मे १९४० मध्ये जे क्षम्य होते, ते चार वर्षांनंतरही तसेच, आरोपपत्राविना चालू राहिले आणि न्यायालयांनी आपणहून नजर वळवली, हेही तितकेच खरे. त्याच काळात, त्याच धाटणीच्या नियमाखाली, अहमदनगरच्या किल्ल्यात नेहरू बंदिस्त होते. स्थानबद्धतेच्या कायद्याची परीक्षा आत गेलेला माणूस किती वाईट होता यावरून करू नये. त्याला आत टाकणाऱ्याकडे कारण मागण्याचा अधिकार कुणाकडे उरला होता, हे पाहावे. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेची तरतूद आजही आहे. ती कुणावर वापरली गेल्याची बातमी वाचली, की प्रत्येक नागरिकाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे.